मालमत्ता क्रमांक तीनशे बारा

पहिली नोटीस बकरीनं खाल्ली.
खळ कणकेची होती, मीच शिजवली होती
ऑफिसच्या चहाच्या गंजात.
दाराला चिकटवून वळलो नाही तोच
बावण्यांची बकरी मागच्या पायांवर उभी.
'याद्वारे आपणास कळविण्यात येते की'
इथवर तिनं चाटलं,
मग सहीशिक्क्यासकट ओढून घेतलं.

दुसरी पोस्टानं गेली, पुण्याला,
आणि 'पत्ता अपूर्ण' असा शेरा घेऊन
परत माझ्याच टेबलावर.

मालक: भगवंत रामाजी इखार, आणि इतर चार.
इतर चार कुठं आहेत
ते जुन्या नमुना आठलाही ठाऊक नाही.
छप्पर बसलं त्याला अकरा पावसाळे झाले.
आता तिथं तरोटा, गाजरगवत, छातीएवढी एरंडी
आणि सगळ्या टेकडीपुऱ्याचं नकोसं:
कूलरच्या सडक्या ताट्या, खर्र्याच्या पन्न्या,
कुणाच्या तरी बापाची खाट,
तो गेला त्याच दिवशी आणून टाकलेली.

फागुन सरता सरता निंब झडतो.
रस्त्याच्या कडेचे एकोणतीस निंब,
एकाच आठवड्यात, ठराव घेतल्यासारखे.
पानं घंटागाडीत घेत नाहीत.
दुर्योधन म्हणतो, "ओला का सुका, ते सांगा पयले.
झाडावरून पडला तवा सुका,
नालीत पडला का ओला.
मी कोन्या खान्यात टाकू?"
गाडीचा भोंगा दिवाळीपासून बंद.
तो स्वतःच ओरडतो आता, कचराऽऽ,
आणि पोरं आत धावत जाऊन आईला सांगतात,
कचरा आला.
तेव्हा तो गिअर जरा जास्तच जोरात टाकतो.

म्हणून बाया पानं लोटतात तीनशे बारात
किंवा काडी लावतात.
संध्याकाळी सगळा प्रभाग खोकतो.

मार्च एंडला साहेब म्हणाले, फोटो पाहिजे,
आधीचा आणि नंतरचा.
चार बाया, दोन फावडी, एक मी.
पंचफुला कोवेनं खाट बाजूला केली,
फावडं घातलं,
आणि थांबली.
काही बोलली नाही. मूठभर उचलून
माझ्या नाकाजवळ आणली.

काळं. भुसभुशीत. किंचित कोमट.
वास कसा सांगू,
मोहाखाली पहाटे बसावं तसा.
अकरा वर्षांची पानं
खाली सरकत सरकत माती झाली होती,
कुणी निविदा काढली नव्हती.
गांडुळं होती, जाड, निवांत,
कुणाच्याच हजेरीपटावर नसलेली.

आणि आमचा खतप्रकल्प
स्मशानाच्या पुढं, निळ्या पत्र्याचा,
उद्घाटनाची फीत अजून कडीला.
किल्ली ज्याच्याकडे होती
तो बदलून गेला दर्यापूरला.
सहा टाक्या. पाचांत गाजरगवत,
सहावीत पोरं पत्ते खेळतात.

पंचफुलानं नऊ पोती भरली.
"वांग्याले होते," म्हणाली. "लेखी पायजे का?"
नको, म्हटलं.
नंतरचा फोटो काढला
त्यात नुसती जमीन आली, आणि तिची पाठ.
साहेबांनी विचारलं, ही बाई कशाला मधी?

त्या रात्री तिसरी नोटीस लिहिली.
वर्णन: पत्र्याचं शेड, टाक्या सहा.
अवस्था: दुर्लक्षित.
मालक: नगरपंचायत.
पंधरा दिवसांत साफ करावे, अन्यथा
अन्यथाच्या पुढं काय लिहायचं ते सुचेना.
तसंच सोडलं.

खळ शिजवली. सायकल काढली.
शेडच्या दाराला, फितीच्या खाली, नीट चिकटवली.
घेणाऱ्याची सही करायची होती तिथं
मीच केली.

परतताना दुर्योधन भेटला, गाडी धूत होता.
विचारलं, बावण्यांची बकरी
एवढ्या लांब येते का रे?
"येते," म्हणाला.
"उनाळ्यात येते."